होडीत पाय ठेवण्यापूर्वी : जलविहार आणि नौकासुरक्षेचा कायदा

उन्हाळ्याची सुटी लागली, की महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी होडीसाठी रांगा लागू लागतात. सातारच्या छत्रपतींनी १८४२ साली हा तलाव बांधविला तो गावाच्या पाण्यासाठी. त्यावर पुढे हौसेच्या होड्या फिरतील, अशी त्या वेळी कोणाचीही कल्पना नसावी. राज्यातील बहुतेक जलाशयांची कथा अशीच आहे. कोयना, पानशेत, उजनी, नाथसागर, गंगापूर ही सारी धरणे शेतीसाठी, पिण्याच्या पाण्यासाठी किंवा विजेसाठी उभी राहिली. महाराष्ट्रातील मोठ्या धरणांची संख्या देशातील अन्य कोणत्याही राज्यापेक्षा अधिक आहे. पाणी आले, पाठोपाठ रस्ता आला, रस्त्याने पर्यटक आले आणि पर्यटकांसाठी होडी आली.

या बदलात एक गोष्ट सहजच नजरेतून सुटते. कोकणातील मूल भरती-ओहोटी पाहत वाढते. होडीत उभे राहू नये, चढताना मधोमध पाय ठेवावा, आभाळ भरून आले की नाव बाहेर काढू नये, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. घाटमाथ्यावरील आणि पठारावरील मुलाची गोष्ट वेगळी. त्याच्या गावाशेजारी अथांग जलाशय पसरलेला असतो, परंतु पाण्याचा संस्कार त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नसतो. अनेकदा आयुष्यातील पहिली होडी तो शाळेच्या सहलीतच पाहतो. कित्येक ठिकाणी होडी चालविणाराही कालपर्यंत शेतमजूर किंवा मासेमार असतो. उतारूंना घेऊन जाण्याचे शिक्षण त्याला कोणी दिलेले नसते. कायद्याची गरज खऱ्या अर्थाने येथे भासते.

अपघात काय सांगतात

१८ डिसेंबर २०२४ रोजी दुपारी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी लाँचवर नौदलाची एक वेगवान नौका येऊन आदळली. इंजिनाची चाचणी चालू असता त्या नौकेवरील ताबा सुटला होता. लाँचवर शंभराहून अधिक माणसे होती. दोन्ही नौकांवरील मिळून पंधरा जणांचा मृत्यू झाला. टक्कर लाँचच्या चुकीने झाली नव्हती. तथापि बहुतेक उतारूंच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती, हेही तितकेच खरे. आपल्या हातून अपघात होणार नाही, या विश्वासाने जाकीट बाजूला ठेवणाऱ्यांनी या घटनेचा विचार करावा. अपघात दुसऱ्याच्या हातूनही होतो.

त्याच वर्षी १८ जानेवारीला बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची होडी उलटली आणि बारा विद्यार्थी व दोन शिक्षिका बुडाल्या. होडीत क्षमतेहून अधिक मुले बसविण्यात आली होती आणि जाकिटे काहींनाच मिळाली होती. तलाव महानगरपालिकेचा होता, नौकाविहार मात्र कंत्राटदाराकडे होता. हा तपशील स्थानिक संस्थांच्या पदाधिकाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्याचा विचार पुढे येईलच.

केरळातील थेक्कडी येथे ३० सप्टेंबर २००९ रोजी पेरियार जलाशयात दुमजली पर्यटक नौका उलटून पंचेचाळीस जण दगावले. काठावर वन्यप्राणी दिसताच उतारू एका बाजूस धावल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. आपल्याकडे नागपूरजवळील वेणा जलाशयात ९ जुलै २०१७ रोजी सहलीस गेलेल्या तरुणांची होडी उलटून आठ जण बुडाले. डहाणूच्या समुद्रात १३ जानेवारी २०१८ रोजी विद्यार्थ्यांनी भरलेली होडी कलंडून तीन विद्यार्थिनींना प्राण गमवावे लागले. उजनीच्या फुगवट्यात कुगाव व कळाशी या गावांदरम्यान २१ मे २०२४ रोजी प्रवासी होडी वादळात सापडून बुडाली व सहा जण दगावले.

पाणी वेगळे, गाव वेगळे, निमित्त वेगळे. परंतु जादा माणसे, अंगावर नसलेली जाकिटे, एका बाजूस झालेली धावपळ आणि आभाळाकडे केलेले दुर्लक्ष, या चार कारणांपैकी एखादे तरी बहुतेक अपघातांत आढळते. यांपैकी एकाही कारणावर उपाय करण्यास मोठा खर्च येत नाही.

कायद्याची वाटचाल

नौकांवर नियंत्रण ठेवण्याची कल्पना नवी नाही. मुंबई इलाख्यात तरी आणि नद्या-खाड्यांतील नौका यांसाठी १८६८ सालीच कायदा झाला होता. पुढे १९१७ साली संपूर्ण देशासाठी कायदा आला. तो प्रारंभी केवळ वाफेवर चालणाऱ्या नौकांचा कायदा म्हणून ओळखला जाई. १९७७ च्या दुरुस्तीने त्याचे नाव बदलून ‘अंतर्देशीय नौका अधिनियम’ असे झाले. नाव बदलले तरी या कायद्याचा रोख यंत्रावर चालणाऱ्या नौकांकडेच राहिला. वल्ह्याची होडी, शिडाची नाव, डोंगा, पायाने चालविण्याची पर्यटन-होडी ही सारी त्याच्या कक्षेबाहेर राहिली. तलावावर अपघात झाला की ‘परवाना कोणाचा?’ हा प्रश्न विचारला जाई आणि पुष्कळदा त्याचे उत्तर मिळत नसे.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न ‘अंतर्देशीय नौका अधिनियम, २०२१’ या कायद्याने केला आहे. संसदेने ऑगस्ट २०२१ मध्ये संमत केलेल्या या कायद्याने १९१७ चा कायदा रद्द झाला. नव्या कायद्याची मुख्य विभागणी समजण्यास सोपी आहे : यंत्रावर चालणाऱ्या नौका एका बाजूस आणि यंत्राविना चालणाऱ्या दुसऱ्या बाजूस.

यंत्राच्या नौकेला सर्वेक्षण आणि नोंदणी या दोन गोष्टींवाचून पाण्यात उतरता येत नाही. सर्वेक्षण म्हणजे सक्षम अधिकाऱ्याने नौकेचा सांगाडा, यंत्र, सुकाणू, अग्निशमनाची व जीवरक्षणाची साधने प्रत्यक्ष पाहून दिलेला निर्वाळा. त्याची मुदत असते. मुदत संपली की नौका पुन्हा तपासून घ्यावी लागते. नोंदणी मात्र नौकेची ओळख होय. नोंदणी क्रमांक नौकेवर ठळकपणे रंगविलेला असला पाहिजे, आणि एका राज्यात केलेली नोंदणी साऱ्या देशात चालते. याशिवाय नौका चालविणाऱ्याजवळ सक्षमतेचे प्रमाणपत्र हवे, नेमून दिलेल्या संख्येइतके खलाशी हवेत आणि विमा हवा. नौकेतून तेल व घाण पाण्यात सोडण्यासही मनाई आहे. जेथून गाव पाणी पिते त्या तलावावर या शेवटच्या तरतुदीचे मोल किती, हे सांगावयास नको.

पाण्याचेही वर्गीकरण कायद्याने अपेक्षिले आहे. लाटा किती उंच उठतात त्यावरून जलक्षेत्राचे विभाग पाडावयाचे आणि त्या त्या विभागास योग्य अशाच नौकांना तेथे परवानगी द्यावयाची, अशी ही योजना आहे. शांत तलावात निर्धोक फिरणारी होडी खाडीच्या मुखाशी तितकीच निर्धोक असेल असे नाही. एका पाण्यासाठी मिळालेले प्रमाणपत्र दाखवून दुसऱ्या पाण्यात नौका नेणे म्हणूनच गैर ठरते.

महाराष्ट्रात किनाऱ्यावरील व खाड्यांतील प्रवासी आणि पर्यटक नौकांचे काम प्रामुख्याने महाराष्ट्र सागरी मंडळ पाहते. १९९६ च्या राज्य अधिनियमाने हे मंडळ अस्तित्वात आले. धरणांच्या जलाशयांबाबत जलसंपदा विभागाची परवानगीही लागते, कारण पाणी आणि काठ त्या विभागाच्या ताब्यात असतो. सांडवा, दरवाजे आणि विमोचक यांच्या जवळपास होडी नेण्यास बंदी असते. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याची तेथे आतून ओढ असते आणि ती काठावरून दिसत नाही.

ग्रामपंचायतीच्या दारात

पंचायत सदस्यांच्या दृष्टीने कायद्याचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. यंत्राविना चालणाऱ्या होड्यांसाठी या कायद्यात स्वतंत्र प्रकरण आहे. अशा होड्यांचे वर्ग राज्य शासनाने ठरवावयाचे, त्यांची नावनोंदणी करावयाची, त्यांत किमान सुरक्षासाधने कोणती असावीत हे सांगावयाचे. आणि हे काम जिल्हा, तालुका व ग्राम पातळीवरील स्थानिक संस्थांकडे सोपविण्याची मुभा कायद्याने दिलेली आहे. म्हणजे वल्ह्याच्या होडीची नोंदवही उद्या ग्रामपंचायतीच्या कपाटात असू शकेल. संविधानाच्या अकराव्या अनुसूचीत, ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे देता येतील असे जे विषय दिले आहेत, त्यांतील तेराव्या क्रमांकावर रस्ते, मोऱ्या व पूल यांच्या सोबतीने तरी आणि जलमार्ग यांचाही उल्लेख आहे. तेव्हा हा भार सर्वस्वी अनपेक्षित म्हणता यावयाचा नाही.

व्यवहारात ग्रामपंचायत किंवा नगरपालिका तलावावरील नौकाविहार वार्षिक बोलीने मक्त्याने देते. बोली सर्वांत जास्त कोणाची, एवढेच पाहून काम संपले असे समजण्याची प्रवृत्ती असते. मक्त्याची रक्कम वाढली की मक्तेदाराला ती वसूल करावी लागते. ती वसूल होते फेऱ्या वाढवून आणि माणसे वाढवून. अशा स्थितीत सुरक्षेचे नियम जणू मक्तेदाराच्या खिशाविरुद्धच लढत असतात. म्हणून होड्यांची संख्या, प्रत्येक होडीत बसवावयाची माणसे, जाकिटांची संख्या व मापे, नौकाविहाराच्या वेळा, बचावासाठी सज्ज ठेवावयाची वेगळी होडी आणि पोहता येणारी माणसे, या साऱ्या बाबी करारातच लिहून घेतल्या पाहिजेत. नियम मोडल्यास मक्ता रद्द करण्याचे कलम तर हवेच. बडोद्याच्या घटनेनंतर कोणाची काय जबाबदारी, हा प्रश्न थेट उच्च न्यायालयापर्यंत गेला. मक्ता दिल्याने उत्पन्नाचा हक्क मक्तेदाराकडे जातो; देखरेखीचे कर्तव्य मात्र देणाऱ्याकडेच राहते.

प्रमाणपत्र चौकटीत घालून तिकीटखिडकीवर टांगण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. पाहणीस आलेल्या अधिकाऱ्याने ते वाचावेच. पण नंतर धक्क्यावर जाऊन त्यातील क्रमांक आणि समोरच्या होडीवरील क्रमांक एकच आहे की नाही, हेही पाहावे.

जादा माणूस म्हणजे किती पाणी?

‘एक माणूस वाढल्याने काय होते?’ हा धक्क्यावरचा नेहमीचा प्रश्न. त्याचे उत्तर शाळेतील विज्ञानाच्या पुस्तकात आहे. पाण्यावर तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. समजा, एका लहान होडीचा पाण्याला टेकलेला पसारा सहा चौरस मीटर आहे. ती एक सेंटिमीटर खाली जाण्यास साठ किलो वजन पुरते. म्हणजे प्रत्येक जादा माणसागणिक होडी सुमारे एक सेंटिमीटर खाली बसते. दहा माणसे जादा घेतली तर दहा सेंटिमीटर. लहान होडीचा पाण्याच्या वर राहिलेला काठ मुळातच वीतभर असतो. त्यातील अर्धा असा संपला, की शेजारून गेलेल्या यंत्रनौकेची एक लाटही आत येण्यास पुरेशी होते. आत आलेले पाणी स्थिर राहत नाही. होडी ज्या बाजूस कलेल त्याच बाजूस तेही धावते आणि कल आणखी वाढवते. उलटण्यास मग काही क्षणच लागतात.

उभे राहण्याचा धोकाही याच जातीचा. बसलेल्या माणसाचे वजन खाली असते, उभे राहताच ते वर जाते आणि होडी डोलू लागते. वरच्या मजल्यावर गर्दी झालेली नौका तर काठीच्या टोकावर धरलेल्या घागरीसारखी असते. छायाचित्रासाठी दहा-पंधरा जण एका काठाशी उभे राहिले, तर एकूण माणसे क्षमतेइतकीच असूनही होडी उलटू शकते. क्षमतेचा आकडा हा सर्व जण आपापल्या जागी बसले आहेत, असे गृहीत धरूनच काढलेला असतो.

होडीची क्षमता तिच्यावर बाहेरून दिसेल अशी रंगविलेली असावी. ‘लहान मुले अर्धी धरतो’ हा नावाड्यांचा हिशेब मान्य करू नये. मूल वजनाने हलके असले तरी हालचालीने जड असते, शिवाय प्रत्येक मुलाला स्वतंत्र जाकीट लागतेच.

जाकीट कशासाठी आणि कोणते

माणसाचे शरीर पाण्याहून फारसे जड नाही. तरीही नाक-तोंड पाण्याबाहेर राहावे यासाठी त्याला थोडा आधार लागतो. प्रौढ माणसाला साधारण तीन ते पाच किलो उचल मिळाली, तर त्याचे डोके वर राहते. जाकिटाचे काम एवढेच. ते अंगात असेल तर पोहता न येणाराही तग धरतो. पोहता येणाऱ्यालाही त्याची गरज असते. डोक्याला मार बसल्यावर किंवा अंगावरील कपडे जड झाल्यावर पोहण्याची कला फारशी उपयोगी पडत नाही.

बाजारात जाकीट म्हणून मिळणारे सर्व सारखे नसतात. खऱ्या जीवरक्षक जाकिटाला मानेमागे व छातीवर अधिक जाडी असते. त्यामुळे बेशुद्ध माणूसही पाण्यात उताणा होतो आणि त्याचे तोंड वर राहते. केवळ तरंगण्यास मदत करणारी पातळ जाकिटे जलक्रीडेतील सराईतांसाठी असतात, ती बेशुद्ध माणसाला उताणे करीत नाहीत. प्रवासी होडीत पहिल्या प्रकारचीच हवीत. जाकीट मापाचे आहे की नाही, हे पाहण्याची रीत सोपी आहे. सर्व पट्टे बांधून झाल्यावर खांद्याजवळ धरून ते वर उचलावे. ते हनुवटीच्या किंवा कानांच्या वर सरकले, तर ते सैल आहे. लहान मुलांच्या जाकिटाला दोन्ही पायांमधून घेण्याचा पट्टा असावा; तो नसला तर पाण्यात पडताच जाकीट वर राहते आणि मूल खाली निसटते.

जाकिटांची हेळसांड हा एक वेगळाच विषय होईल. ती बसण्याच्या फळीखाली कोंबलेली असतात, काही ठिकाणी गठ्ठा बांधून ठेवलेली असतात, तर काही ठिकाणी बसायला मऊ म्हणून अंथरलेली असतात. वर्षभर दाबला गेलेला आणि उन्हात वाळलेला फोम आपली तरंगण्याची शक्ती हळूहळू गमावतो. होडी उलटल्यावर फळीखालचे जाकीट काढून, पट्टे सोडवून, ते घालण्याइतका अवधी कोणालाच मिळत नाही. म्हणून जाकीट होडीत असून भागत नाही. ते अंगावर, पट्टे बांधून आणि धक्का सोडण्यापूर्वीच घातलेले असले पाहिजे. जाकिटांशिवाय दोरी बांधलेली जीवरक्षक कडी, जादा वल्ही, पाणी उपसण्याचे भांडे, शिट्टी आणि यंत्राची नौका असल्यास अग्निशामक, ही साधने हाताशी असावीत. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने सप्टेंबर २०१७ मध्ये नौकासुरक्षेविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. तालुका कार्यालयांनी ती एकदा आवर्जून वाचावीत.

आभाळाची परवानगी

कोकण किनाऱ्यावर दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्ट अखेरपर्यंत पर्यटक नौका व जलक्रीडा बंद ठेवण्यात येतात. किनाऱ्यावरील व्यावसायिकांना हा नियम अंगवळणी पडला आहे. जलाशयांवर मात्र मे महिना हा सुटीचा, म्हणजे गर्दीचा महिना. नेमके याच महिन्यात दुपारनंतर वळवाचे ढग उठतात. दहा-पंधरा मिनिटांत वारा सुटतो आणि मैलभर रुंद उघड्या पाण्यावर लाटा उभ्या राहतात. उजनीतील दुर्घटना अशा वळवाच्या दिवसांतलीच होती. हवामान खात्याने वादळी वाऱ्याचा इशारा दिला असेल त्या दिवशी नौकाविहार बंद ठेवावा. इशारा नसला तरी पश्चिमेकडे आभाळ काळवंडू लागताच होड्या काठाला लावाव्यात. सूर्यास्तानंतर दिवे व खुणा नसलेली होडी पाण्यात असूच नये. मद्यपान केलेल्या माणसाला होडीत घेऊ नये आणि होडी चालविणाऱ्याच्या बाबतीत तर या नियमास अपवादच नाही.

वेगाच्या नौका, पाण्यावरील स्कूटर, दोरीने ओढले जाणारे फुगे यांसारख्या जलक्रीडांसाठी पोहणाऱ्यांपासून दूर वेगळी जागा आखून द्यावी लागते. त्या चालविणाऱ्यांस गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत प्रशिक्षण मिळते. सिंधुदुर्गात तारकर्ली येथेही पर्यटन विकास महामंडळाची सागरी क्रीडा प्रशिक्षण संस्था आहे.

सहलीचे गुरुजी

सहलीतील शिक्षकाची स्थिती अवघड असते. मुले हट्ट धरतात, तिकिटे काढून झालेली असतात, मक्तेदार ‘काही होत नाही गुरुजी’ म्हणत असतो आणि बस सुटण्याची वेळ झालेली असते. अशा घाईत ‘नाही’ म्हणणे कठीण जाते. म्हणून हा निर्णय धक्क्यावर घेऊ नये. सहलीचे नियोजन करतानाच नौकाविहार असेल की नाही, हे ठरवून मुख्याध्यापकांना व पालकांना लेखी कळवावे. असेल तर तेथील नौकांची नोंदणी, क्षमता आणि मुलांच्या मापाची जाकिटे यांची चौकशी आधीच करावी. एवढे करूनही प्रत्यक्षात जाकिटे अपुरी निघाली, तर होडीफेरी रद्द करण्याचा अधिकार सहलप्रमुखाचा आहे. त्याबद्दल त्याला कोणी जाब विचारता कामा नये. उलट शाळेने त्याच्या पाठीशी उभे राहावे. प्रत्येक फेरीत कोण कोण बसले त्यांची नावे काठावर थांबलेल्या शिक्षकाजवळ लिहिलेली असावीत. अपघातानंतर आत किती जण होते हेच कोणाला सांगता येत नाही आणि शोधकार्याचे पहिले मोलाचे तास त्यातच जातात, हा कटू अनुभव अनेक ठिकाणचा आहे.

कोणी पाण्यात पडल्यास

बुडणारा माणूस हात हलवून मोठ्याने हाका मारील, अशी समजूत आहे. वास्तवात श्वास घेण्याच्या धडपडीत ओरडण्यास अवसरच मिळत नाही. डोके मागे कललेले, तोंड पाण्याच्या पातळीशी, शरीर उभे, अशा अवस्थेत तो मुकाट्याने खाली जातो आणि लहान मुलाच्या बाबतीत हे मिनिटाभरातही घडते. होडी उलटली असता ती तरंगत असेल तर तिलाच धरून राहावे. काठ जवळ दिसतो म्हणून पोहत निघू नये. पाण्यातील अंतर डोळ्यांना नेहमी कमी भासते.

काठावरच्याने थेट उडी घेऊ नये. वाचवायला गेलेलाही बुडाला, अशा बातम्या दर पावसाळ्यात येतात. बांबू, वल्हे, दोर पुढे करावा. दोर नसेल तर साडी, धोतर, फेटा चालतो. झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लॅस्टिकचा कॅन फेकल्यास त्याचाही आधार होतो. बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगणे, गरगर फिरविणे किंवा पोट दाबून पाणी काढणे हे प्रकार खेड्यांतून अद्याप चालतात; त्यांत बहुमोल वेळ जातो आणि पोटातील अन्न श्वासनलिकेत शिरण्याचा धोका असतो. श्वास बंद असेल तर रोग्याला सपाट जमिनीवर उताणे निजवून, मान मागे झुकवून, नाक चिमटीत धरून प्रथम तोंडाने श्वास द्यावा. नंतर छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी तीस वेळा जोराने दाब व दोन श्वास, असा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. शुद्धीवर आलेल्यालाही रुग्णालयात नेले पाहिजे, कारण फुप्फुसांत गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही होऊ शकतो. मदतीसाठी ११२ हा क्रमांक सर्वत्र चालतो. समुद्रात तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे.

अपघाताची खबर नौकेच्या मालकाने अथवा ती चालविणाऱ्याने जवळच्या पोलीस ठाण्यास व नेमलेल्या प्राधिकाऱ्यास तत्काळ दिली पाहिजे, असे बंधन कायद्याने घातले आहे. जीवितहानी झाली नसली तरी खबर द्यावी. होडी नुसती कलंडून सावरली, दोन मुले पाण्यात पडली आणि बाहेर काढली गेली, अशा प्रसंगांची वाच्यता सहसा होत नाही. मक्तेदाराला ती नको असते आणि गावालाही नावाला बट्टा नको असतो. ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत त्यांसाठी एक रकाना ठेवला, आणि पावसाळ्यानंतर होड्या पुन्हा पाण्यात उतरविण्यापूर्वी सप्टेंबरच्या मासिक सभेत तो वाचून दाखविला, तर कोणती होडी दुरुस्तीला काढावयाची आणि कोणत्या मक्तेदाराला समज द्यावयाची, हे सभासदांना त्यावरूनच ठरविता येईल.